पऱ्हाटीचा कोळसा कुठे चालेल?

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की मराठवाड्यातल्या हिमायतनगरच्या शिवारात पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचतात. काही सरपणाला जातात, उरलेल्या बऱ्याच तिथेच पेटवल्या जातात. फरदडीसाठी, म्हणजे आणखी एका वेचणीसाठी, उभ्या ठेवल्या तर गुलाबी बोंडअळीचे फावते, म्हणून कृषी खातेही त्या वेळेत काढायला सांगते. या काडीतला कार्बन त्याच हंगामात हवेतून आलेला असतो आणि जळला की हवेतच परततो. परतताना दगडी कोळशाच्या जागी त्याने पोलादासाठी लोहखनिजातला ऑक्सिजन सोबत नेला, तर तेवढा दगडी कोळसा खाणीतच राहील. भारतात एक टन पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘हरित पोलादा’ची मर्यादा २.२ टन ठरवली. या फरकात पऱ्हाटीला जागा आहे, पण सरसकट नाही.

मोठ्या झोतभट्टीत कोक नुसता जळत नाही, वरच्या खनिजाचा भारही पेलतो. काडीचा कोळसा तिथे चुरा होईल. ब्राझीलमध्ये निलगिरीच्या कोळशावर लोखंड होते, तेही छोट्या भट्ट्यांत. मराठवाड्याचे पोलाद म्हणजे जालना. पण तिथल्या इंडक्शन भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न विजेवर वितळवतात, खनिजातून लोखंड काढतच नाहीत. उरते ती स्पंज आयर्नची फिरती भट्टी, वणीपलीकडे घुग्घुसला आहे तशी. किंचित उताराच्या लांब नळकांड्यात खनिज आणि कोळसा घोळत पुढे सरकतात. हजारेक अंशांवर लोखंड वितळत नाही, फक्त ऑक्सिजन सुटतो. भार पेलायचा नसल्याने ठिसूळ कोळसाही चालतो. कच्ची काडी मात्र नको. तिच्यात पाणी आणि धूरच जास्त. बंद भट्टीत कमी हवेवर ती भाजली की वजन चौथाई-तिहाईवर येते. कच्च्या पऱ्हाटीचा ट्रक निम्मी हवाच वाहतो, म्हणून हे भाजणे तालुक्यातच व्हायला हवे. उघड्या खड्ड्यात केले तर मिथेन सुटून केलेल्यावर पाणी पडते.

तंत्रज्ञांचा आक्षेप राखेवर असतो. पिकाच्या राखेत पोटॅश जास्त, त्याने भट्टीच्या आतल्या अंगाला कडे धरते. खरे आहे, म्हणून मिश्रण दहा टक्क्यांच्या आसपासच धरावे. रोज १०० टन स्पंज आयर्न काढणाऱ्या भट्टीला वर्षाला साधारण तीस हजार टन दगडी कोळसा लागतो असे धरू. आपला दगडी कोळसा राखेने भरलेला, त्यामुळे त्यातल्या तीन हजार टनांचे काम पऱ्हाटीचा दोनेक हजार टन कोळसा करील. हेक्टरी दोन टन काडी धरली तर तीन ते चार हजार हेक्टरांची पऱ्हाटी झाली. एका भट्टीपुरते हे आवाक्यातले आहे. देशाचे पोलाद यावर चालणार नाही, आणि तसा दावा कुणी केला तर त्याला हिशेब विचारावा. काडी मातीत गाडावी हा आक्षेपही रास्त, पण तो कुट्टी करणाऱ्यांच्या बाबतीत. जी पेटवलीच जाते तिचे मातीला काय मिळते? मला खरी धास्ती किनवटच्या जंगलातल्या सागवानाची वाटते. कारखान्याच्या फाटकावर कोळशाला भाव आला की तो काडीचा की खोडाचा, हे पाहतो कोण? दुसरी धास्ती चुलीची. ज्या घरी अजून पऱ्हाटीवर भाकरी होते, तिथली मोळी आधी वगळूनच खरेदी मोजायला हवी. आणि सारे मृगाच्या आत उरकावे लागते. भिजलेली पऱ्हाटी वाळवण्यातच तिचा बराच जाळ खर्ची पडतो.