तंबूच्या चेनमागे

१ एप्रिल २०२४ ला जर्मनीत गांजाचा कायदा बदलला. तारीख बघून बऱ्याच जणांना ती थट्टाच वाटली होती. पण २३ फेब्रुवारीला बुंडेस्टागने, म्हणजे तिथल्या संसदेने, विधेयक मंजूर केलं होतं, २२ मार्चला राज्यांच्या बुंडेसराटनेही वाट अडवली नाही, आणि ईस्टरच्या सोमवारी उजाडताना अठरा वर्षांपुढच्या माणसाला खिशात २५ ग्रॅम, घरात ५० ग्रॅम आणि घरच्या कुंड्यांत तीन झाडं एवढी मोकळीक मिळालेली होती. टीव्हीवर ब्रांडेनबुर्ग गेटसमोरचा धूर दिसला. कायझर्सलाउटर्नमधल्या आमच्या भाड्याच्या घरात पुढे जे घडलं, त्याची बातमी कोण करणार? म्हणून हे किस्से.

कायझर्सलाउटर्न म्हणजे फाल्त्सच्या जंगलाच्या कुशीतलं लाखभर वस्तीचं शहर. टेकडीवर फुटबॉलचं मैदान, १९५४ चा विश्वचषक जिंकून देणाऱ्या फ्रिट्झ वाल्टरच्या नावाचं. खाली विद्यापीठ आणि संगणकाच्या संशोधन संस्था, त्यामुळे आपली मुलं इथे बरीच. आणि शेजारी रामश्टाइनचा अमेरिकी हवाई तळ. आजूबाजूच्या परिसरात पन्नासेक हजार अमेरिकन राहतात, त्यांनी गावाचं नाव तोंडाला जड जातं म्हणून ‘के-टाउन’ करून टाकलंय.

आमची वेगे, म्हणजे भाडं वाटून घेतलेलं घर, तिघांची. मी, एक जर्मन विद्यार्थी आणि सांगोल्याचा एक पोरगा. त्याच्या घरी डाळिंबाच्या बागा. मास्टर्स करायला आला, पण हाताला मातीची खाज. खिडकीत कढीपत्ता, पुदिना, मिरच्या असायच्याच. कायदा आल्यावर त्याने तो चक्क छापून काढला आणि फ्रीजवर चिकटवला. जर्मनीत किमान सहा महिन्यांचं वास्तव्य हवं, ते होतं. बिया युरोपीय संघातल्या देशातून टपालाने मागवता येतात, त्या आल्या. मग त्याच्या खोलीत एका कोपऱ्यात काळ्या कापडाचा, आतून चंदेरी, चेनवाला तंबू उभा राहिला. त्या दिवसापासून आम्ही त्याला ‘शेतकरी’ म्हणायला लागलो.

पहिलं भांडण झालं ते विजेच्या बिलावरून. दिवा १५० वॅटचा, सुरुवातीला रोज अठरा तास चालायचा. म्हणजे दिवसाला २.७ युनिट. युनिटला ३५ सेंट धरले तरी महिन्याला २८ युरोच्या आसपास, पंखा वेगळा. आमच्या वेगेत बिलाचे तीन सारखे भाग होतात. जर्मन मित्राने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅल्क्युलेटर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, शेती तुझी, वीज आमची, हे सहकारात बसत नाही. त्याला ‘सहकार’ म्हणजे आमच्याकडे काय चालतं हे ठाऊक नव्हतं, म्हणून बोलला! शेवटी सॉकेटला वीज मोजणारं छोटं यंत्र लावलं आणि शेतकऱ्याने आपलं बिल आपण भरलं.

खालच्या मजल्यावरच्या आजींची तक्रार मात्र वासाची असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. ही झाडं फुलावर आली की वास दाराबाहेर जातो, आणि घरातल्या शेतीचा उपद्रव शेजाऱ्यांना होता कामा नये असं कायदाच म्हणतो. म्हणून त्याने तंबूच्या वरच्या अंगाला कोळशाची गाळणी बसवली. आतली हवा पंख्याने ओढून कोळशातून बाहेर सोडायची. एका संध्याकाळी आजी खरंच वर आल्या. नाक मुरडून म्हणाल्या, हा वास सहन होत नाही, काहीतरी मेलंय का? शेतकऱ्याचा चेहरा पांढरा पडला. मी गॅसकडे बोट दाखवलं. मी सुके बोंबील भाजत होतो. गांजाच्या वासाबद्दल त्या बाईंनी आजवर एक शब्द काढलेला नाही. पंख्याच्या घरघरीबद्दल काढला, कारण रात्री दहानंतर इथे शांतता पाळायची असते, तेव्हा पंख्याखाली जुनी योगाची चटई घडी करून घातली. बोंबील मी आता रविवारी दुपारी भाजतो.

नवशिक्याच्या हातून ही झाडं मरतात ती बहुतेक लाडाने. बी रुजलं, दोन पानं दिसली, की माणूस दिवसातून चारदा तंबूची चेन उघडतो आणि प्रत्येक वेळी थोडं पाणी घालतो. आमच्या शेतकऱ्यानेही तेच केलं. माती कायम ओली, मुळांना हवा नाही, पानं मलूल. पानं मलूल दिसली की तहान लागली असं वाटून आणखी पाणी. मग ओल्या मातीतून बारीक काळ्या माशा उठल्या आणि थेट जर्मन मित्राच्या कॉफीत पडायला लागल्या. पिवळे चिकट कागद सगळ्या घरात लटकले. शेवटी पोराने वडिलांना फोन लावला.

वडिलांना पीक कोणतं ते सांगितलेलंच नव्हतं. ‘एक औषधी झाड आहे, प्रोजेक्टसाठी,’ एवढंच. पलीकडून आवाज आला, ‘पाणी तोड. कुंडी उचलून बघ, हलकी लागली तरच दे. डाळिंबाला आपण ताण देतो तेव्हा काय बाग मरती व्हय?’ कुंडी उचलून वजनावरून पाणी द्यायचं ही युक्ती लागू पडली. माशाही आठवड्याभरात कमी झाल्या.

मग दुसरंच दुखणं निघालं. नव्या पानांवर गंजाचे ठिपके. याचं कारण थोडं या गावचं आहे. फाल्त्सच्या जंगलाखाली लाल वालुकाश्म आहे, आणि त्यातून झिरपून येणाऱ्या पाण्यात क्षार कमी असतात. केसांना आणि चहाला उत्तम, पण कुंडीतल्या झाडाला त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरेसं मिळत नाही, आणि एलईडीखाली झाडाची भूक आणखी वाढते. बर्लिनमध्ये लोकांचा त्रास उलटा, तिथलं पाणी जड. शेतकऱ्याने तिथल्या कुणाच्या सल्ल्याने आधी खतच खत घातलं होतं, त्याने पानांची टोकं जळाली. ‘बाप सांगतो ते ऐकायचं, लांबचा शहाणा ऐकायचा नाही’ असं म्हणत त्याने खत निम्म्यावर आणलं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली आणली.

आईचा किस्सा तर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालाय. व्हिडिओ कॉल चालू, तंबूची चेन उघडी राहिलेली, मागे पाच-सात बोटांची हिरवी पानं. आई म्हणाली, ‘अगंबाई, अंबाडी लावलीस? बरं केलंस. कोवळी पानं खुड, लसूण घालून भाजी कर, तांदळाच्या कण्या टाक.’ शेतकरी ‘हो, हो’ म्हणत कॅमेऱ्यासमोर आडवा झाला. आईचं काही चुकलं नव्हतं. अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे. पानांचं साम्य लिनियसलाही दिसलं होतं. पुढचे दोन महिने दर फोनला भाजी कशी झाली होती याची चौकशी व्हायची.

गणपतीत खरी कसोटी लागली. आमच्याकडे दीड दिवसाचा बसतो, विद्यापीठातली सगळी मराठी मंडळी दर्शनाला येतात, पोरंबाळं घेऊन. फ्रीजवरच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की झाडं मुलांच्या आणि कुणाही तिसऱ्या माणसाच्या हाताला लागता कामा नयेत. तिसरा माणूस म्हणजे काटेकोर बघितलं तर मीही. शेतकऱ्याने तंबूच्या दोन चेना जुळवून त्यात प्रवासी बॅगेचं छोटं कुलूप अडकवलं, खोलीला वेगळं कुलूप. एका वहिनींनी विचारलं, आत काय घरघरतंय? तो म्हणाला, हवा शुद्ध करायचं मशीन. तसं ते खोटंही नव्हतं. खरी पंचाईत वाफेची झाली. मोदकांचे घाणे दिवसभर निघत होते आणि खोलीतला आर्द्रतेचा काटा चढत होता. फुलावर आलेल्या झाडाला दमट हवेत बुरशी धरते, एका रात्रीत फूल आतून करडं होतं. आरती चालू असताना हा मागच्या मागे जाऊन खिडक्या सताड उघडून आला.

फुलावर आणायच्या तंत्राबद्दलही त्याने वडिलांशी, पुन्हा पीक न सांगता, बोलून घेतलं होतं. वडिलांना वाटलं होतं ताण द्यायचा, बहार धरायचा. पण हे झाड ताणाने फुलत नाही, रात्र लांबली की फुलतं. दिवा अठरा तासांवरून बारावर आणायचा आणि उरलेले बारा तास मिट्ट काळोख. वडील क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, ‘म्हणजे शेवंतीगत.’ बरोबर. आपल्याकडे शेवंतीवाले रात्री शेतात बल्ब लावून फूल लांबवतात, त्याच हिशेबाची उलटी बाजू. काळोखात मध्येच उजेड पडला तर झाड बिथरतं. नेमकं आमचं इस्त्रीचं टेबल त्या तंबूमागे असायचं. मुलाखतीच्या आदल्या रात्री जर्मन मित्र मोबाइलचा उजेड पाडत टेबल काढायला गेला तेव्हा शेतकऱ्याने फोडलेली किंकाळी आजींनाही ऐकू गेली असावी. मित्र मुलाखतीला चुरगळलेल्या शर्टात गेला. नोकरी मिळाली.

आता वडिलांच्या फोनचा किस्सा. एका झाडाला फुलांऐवजी बारीक गोळ्यांचे घोस लागायला लागले. शेतकऱ्याने स्वस्त पडतात म्हणून साध्या बिया घेतल्या होत्या, फक्त मादी झाडंच देणाऱ्या महागड्या नव्हे. शंका आली, वडिलांना फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. मग फोन वाजला. वडील हळू आवाजात, बहुतेक घरापासून लांब जाऊन बोलत होते. ‘हे जे हाय, ते तिथं कायद्यात बसतंय का?’ ‘बसतंय, दादा. तीन झाडं.’ ‘कागद हाय?’ ‘कागद लागत नाही, पण कायदा छापून ठेवलाय.’ बराच वेळ शांतता. आणि मग, ‘नर हाय तो. आजच्या आज उपट, न्हाईतर बाकीची बियांनी भरतील.’

त्यांना हे कुठून माहीत, हे पोराने विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतंही. इंग्रजांच्या काळात गांजा हे परवान्याचं पीक होतं. १८९३-९४ च्या भांगगांजा आयोगाने बंगालमधल्या नौगावची आणि मध्य प्रांतातल्या खांडव्याची लागवड तपशिलाने नोंदवली आहे; शेतात फिरून नर झाडं ओळखून उपटणारी तिथली जाणती माणसं त्या अहवालात भेटतात. आपल्याकडे हे ज्ञान १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर बंदच पडायला हवं होतं. ते बंद पडलेलं नाही, हे धुळ्याच्या शिरपूर भागातल्या कापसात-तुरीत लपवलेल्या पिकांच्या बातम्या अधूनमधून सांगतच असतात.

वरच्या मजल्यावरच्या अमेरिकन शेजाऱ्याचं दुःख वेगळं. हा तळावर नोकरीला, मूळचा कोलोरॅडोचा. त्याच्या राज्यात दुकानांतून गांजा विकणं २०१४ पासून कायदेशीर. तो राहतो त्या जर्मनीत २०२४ पासून घरी लावणं कायदेशीर. आणि तो स्वतः अंगावर गणवेश असल्यामुळे अमेरिकी लष्करी कायद्याखाली, तिथे ११२-अ हे कलम दोन्हीकडच्या मोकळिकीवर पाणी ओततं. जिन्यात भेटला की शेतकऱ्याकडे बघून श्वास कोंडल्याची नक्कल करतो. मिरचीची रोपं मात्र मागून नेली त्याने.

कापणी दिवाळीच्या सुमारास झाली. सुकल्यावर माल चौथा हिस्सा उरतो, तरीही दोन झाडांचा मर्यादेपेक्षा जास्त भरलाच. स्वयंपाकघरातला वजनकाटा आला, फ्रीजवरचा कागद आला. घरात माणशी ५० ग्रॅम. त्यावर ६० पर्यंत दंड, त्यापुढे गुन्हा. वरचं काय करायचं? नष्ट करायचं. वडिलांना हे सांगितलं तर ते पहिल्यांदाच मनापासून हसले. ‘आम्ही भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर वतायचो. तुझ्यावर तर कायद्यानंच आणली ती पाळी.’

आणि खरी अडचण वजनाची नव्हतीच. त्या आठवड्यात आजींना चकल्या-करंज्यांचं ताट गेलं, वर कोलोरॅडोवाल्याला शंकरपाळे गेले. आपल्याकडे पहिलं पीक निघालं की आधी शेजारी जातं. पण घरच्या शेतीतला गांजा दुसऱ्याला द्यायचा नाही, विकत नाही आणि फुकटही नाही, घरात राहणाऱ्या मित्रालाही नाही. शेतकऱ्याने बरण्या कुलपात ठेवल्या आणि दोन दिवस उदास होऊन बसला. मला विचाराल तर या कायद्यातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे. पाण्याचं, उजेडाचं, बुरशीचं कुणीही शिकेल. पिकवलं ते वाटायचं नाही, हे सांगोल्याच्या पोराला शिकवणं कठीण.

या वर्षी त्याने तंबूत मेथी लावली आहे. ती वाटतो.

इथे शिकायला येणाऱ्या मुलांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. गाडी चालवत असाल तर २२ ऑगस्ट २०२४ पासून रक्तातल्या टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशेच्या घटकाची, मर्यादा रक्ताच्या सीरमच्या दर मिलिलिटरला ३.५ नॅनोग्रॅम आहे, आणि नवा परवाना असेल किंवा वय २१ च्या आत असेल तर शून्य. आणि घरी जाताना बॅग, जॅकेटचे खिसे, पुस्तकांची पानं, सगळं उलटं करून झटका. फ्रीजवरचा जर्मन कागद मुंबईच्या विमानतळावर चालत नाही. तिथे एनडीपीएस चालतो, आणि नुसत्या लागवडीलाही त्यात दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.