ब्रीदर पाइप काढल्यावर इंजिनात काय घडते?

गाडी ऑइल खाते, अशी तक्रार घेऊन मालक गॅरेजमध्ये येतो. मिस्त्री बॉनेट उघडतो, टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरच्या डब्याकडे जाणारा रबरी पाइप, म्हणजे ब्रीदर, उपसतो आणि आत बोट फिरवून तेलाचा थर दाखवतो. ‘बघा साहेब, सगळं ऑइल इथून चाललंय. पाइप मोकळा सोडतो, म्हणजे घाण परत इंजिनात जायची नाही.’ पाच मिनिटांत काम होते, खर्च नाममात्र येतो आणि गाडी दुसऱ्या दिवशीही आधीसारखीच चालते. त्यामुळे मालकाला उपाय पटतो. काही हौशी चालक तर ‘इंजिनाला स्वच्छ हवा मिळावी’ म्हणून स्वतःहून हा पाइप तोडतात.

या कामाने इंजिनाचे आयुष्य घटते आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या नाकात विषारी वाफा जातात. नुकसान लगेच दिसत नाही, म्हणूनच त्यामागचे विज्ञान नीट समजून घ्यायला हवे.

सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधली फट पिस्टनच्या रिंग बंद करतात. मात्र रिंग अखंड कडे नसते. ती बसवता यावी आणि तापल्यावर फुगायला जागा मिळावी म्हणून तिच्या दोन टोकांत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर ठेवलेले असते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पट होतो आणि तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. एवढ्या दाबापुढे कोणतीही रिंग शंभर टक्के अडसर ठरत नाही. थोडा वायू खाली निसटतोच. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला शंभर वेळा ज्वलन होते आणि शंभर वेळा ही गळती होते. इंग्रजीत तिला ‘ब्लो-बाय’ म्हणतात. रिंग झिजून गळती वाढली की आपले मिस्त्री सांगतात, ‘इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय.’

खाली उतरणारा हा वायू नुसता धूर नसतो. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि पिस्टन व भिंतीमधल्या चिंचोळ्या जागेत शिरते. तिथे धातू तुलनेने थंड असल्यामुळे ज्योत पोचण्याआधीच विझते. परिणामी पेट्रोल इंजिनात निसटणाऱ्या वायूचा मोठा भाग म्हणजे न जळालेले इंधनच असते. उरलेल्या भागात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, काजळी आणि पाण्याची वाफ असते. या वाफेला कमी लेखू नये. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर पडते; पण जो थोडा अंश रिंगवरून खाली उतरतो, तो थेट ऑइलच्या चेंबरवर साचतो.

ही सारी वाफ क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरते त्या बंद जागेत जमते. तिला वाट दिली नाही तर दाब वाढतो. म्हणून पूर्वी इंजिनांना एक नळी दिली जाई. ती खाली रस्त्याच्या दिशेने उघडी असे. गाडी धावू लागली की नळीच्या तोंडाशी हवेचा ओढा तयार होई आणि वाफा बाहेर खेचल्या जात. गाडी उभी असली की हा ओढा थांबे. अशा जुन्या मोटारी जिथे उभ्या राहत, तिथे तेलाचे काळे डाग पडत. दुसऱ्या महायुद्धात खोल पाण्यातून जाणाऱ्या लष्करी वाहनांना ही उघडी नळी चालणारी नव्हती, कारण तिच्यातून पाणी आत शिरले असते. त्यामुळे वाफा परत इंजिनाच्या शोषणमार्गात घेणारी बंद रचना तिथे वापरात आली.

सामान्य मोटारींत ही रचना यायला लॉस एंजेलिसचे धुरके कारणीभूत ठरले. 1940 च्या दशकात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारा तपकिरी थर साचू लागला. कॅलटेकमधले डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे कोडे सोडवले. न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की जमिनीलगत ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिले. मग हे हायड्रोकार्बन मोटारीच्या कोणत्या भागातून येतात, याचा शोध सुरू झाला. सगळ्यांची नजर सायलेन्सरकडे होती. प्रत्यक्षात मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनचा साधारण पाचवा हिस्सा, काही हिशेबांत त्याहून अधिक, त्या उघड्या नळीतून येत असल्याचे आढळले.

सुदैवाने हा हिस्सा रोखणे सर्वांत सोपे होते. नळी बाहेर सोडण्याऐवजी शोषणमार्गाला, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डला, जोडायची, की इंजिनच त्या वाफा ओढून घेऊन जाळून टाकते. कॅलिफोर्नियाने 1961 मध्ये ही रचना बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. वाहनांवर सक्ती झालेले प्रदूषण नियंत्रणाचे ते अमेरिकेतले पहिले साधन. 1963 पर्यंत ते देशभरातल्या नव्या मोटारींत आले. इतके स्वस्त साधन देशभर बसवायला मोटार कंपन्यांनी संगनमताने उशीर केला, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या न्याय खात्याने 1969 मध्ये खटला भरला होता. तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला.

आजच्या पेट्रोल गाडीत ही रचना दोन वाटांनी चालते. एका पाइपमधून एअर फिल्टरने गाळलेली ताजी हवा टॅपेट कव्हरमध्ये येते, क्रँककेसभर फिरते आणि वाफा सोबत घेते. दुसरी वाट इनटेक मॅनिफोल्डकडे जाते. तिच्या तोंडाशी बोटाएवढा एक झडपेचा तुकडा असतो. हाच पीसीव्ही व्हॉल्व्ह. आत एक स्प्रिंग आणि एक खिट्टी, एवढाच त्याचा संसार, पण काम मोठे चोख. इंजिन आयडलवर असताना मॅनिफोल्डमधली ओढ जास्त आणि गळती कमी असते. तेव्हा खिट्टी ओढली जाऊन वाट अरुंद करते. गाडी वेगात चालू लागली की ओढ घटते, स्प्रिंग खिट्टीला मागे ढकलते आणि वाट रुंद होते. मॅनिफोल्डमध्ये भडका उडालाच, तर खिट्टी उलटी बसून ज्योतीला क्रँककेसमध्ये शिरू देत नाही. वाफेतले तेलाचे थेंब गाळायला टॅपेट कव्हरच्या आत पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या आडभिंती असतात. तरीही थोडे तेल पुढे जाते. त्यामुळे पाइपमध्ये तेलाचा पातळ ओलावा दिसणे हा बिघाड नव्हे. पाइपमधून तेल टपकत असेल, तर मात्र दोष पाइपचा नसून रिंगचा, व्हॉल्व्हचा किंवा त्या आडभिंतींचा असतो.

टर्बो गाड्यांत आणि डिझेलमध्ये थोडा फरक पडतो. टर्बो दाब देत असताना मॅनिफोल्डमध्ये ओढ उरतच नाही. म्हणून वाफा टर्बोच्या आधीच्या पाइपमध्ये सोडल्या जातात. त्यातले तेल इंटरकूलरपर्यंत पोचते आणि डिझेलमध्ये ईजीआरमधून, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या वाटेतून, येणाऱ्या काजळीशी मिसळून घट्ट लेप बनवते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन चढतो, कारण त्यांना धुणारे पेट्रोल त्या वाटेने येतच नाही. पाइप काढणाऱ्यांच्या तक्रारीत एवढे तथ्य आहे. त्यावर कंपनीबाह्य उपाय म्हणजे ऑइल कॅच कॅन. वाफ डब्यातून जाते, तेल तळाशी उतरते आणि गाळलेली वाफ पुन्हा शोषणमार्गातच जाते. मूळ रचनेत असा बदल करण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे हे उत्तम. डब्याचे तोंड हवेत उघडे ठेवले, तर तो उपाय उरत नाही. पाइप तोडल्यासारखेच होते.

पाइप तोडल्यावर काय होते, हे तो कसा तोडला यावर अवलंबून असते.

मॅनिफोल्डकडची बाजू उघडी राहिली, तर इंजिन तिथून न मोजलेली हवा ओढू लागते. आत येणारी हवा सेन्सरने मोजून त्या हिशेबाने पेट्रोल देणाऱ्या गाडीत मिश्रण पातळ होते. आयडल थरथरते, शिट्टीसारखा आवाज येतो आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला की बहुधा ‘पी0171’ म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड दिसतो. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या गाड्यांत आयडल वाढलेले राहते.

मॅनिफोल्डकडचे तोंड बुजवले आणि इंजिनाकडचे उघडे सोडले, तर गाडी सुरळीत चालल्यासारखी वाटते. इथेच फसगत होते. वाफा आता बॉनेटखाली पसरतात. केबिनमध्ये बाहेरची हवा घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या तळाशी, म्हणजे बॉनेटच्या अगदी मागे असते. सिग्नलला थांबलेल्या गाडीत कच्च्या पेट्रोलचा आणि जळक्या तेलाचा वास येतो तो याच वाटेने. या वाफांत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि कर्करोगाला कारण ठरणारे बेंझीनही असते. मागच्या सीटवरच्या लहान मुलांना आपण नकळत हेच हुंगायला देतो.

इंजिनाचे नुकसान याहून संथ, पण खोल असते. ताजी हवा फिरायची बंद झाल्यामुळे पाण्याची वाफ आणि इंधनाचा अंश क्रँककेसमधून पुरता बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे पाण्यात मिसळून आम्ल बनते. ते मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कधर्मी द्रव्ये घातलेली असतात. ती वेळेआधी संपतात. मग ऑइल जाड होते, त्याचा काळा चिखल बनतो आणि टॅपेट कव्हर, तेलाच्या वाटा, चेंबरमधल्या पिकअपची जाळी यांवर साचतो. घर ते ऑफिस अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसे तापत नाही, त्यामुळे पाणी उडून जात नाही आणि हा चिखल लवकर होतो. पिकअपची जाळी तुंबली की ऑइलचा दाब पडतो आणि बेअरिंग जातात. शिवाय इंजिन थंड होताना आतली हवा आकसते आणि उघड्या तोंडातून बाहेरची धूळ आत ओढली जाते. आपल्या रस्त्यांवरची धूळ ऑइलमध्ये मिसळली की ती रिंग आणि बेअरिंग घासते.

सर्वांत वाईट अवस्था म्हणजे दोन्ही तोंडे बोल्ट ठोकून बंद करणे. धुराडे बुजवलेल्या स्वयंपाकघरात धूर जसा मिळेल त्या फटीतून बाहेर पडतो, तसा क्रँककेसमधला दाब कमकुवत जागा शोधतो. आधी टॅपेट कव्हरचे पॅकिंग ओले होते, मग पुढचे क्रँक सील, मग गिअरबॉक्सच्या बाजूचे मागचे सील गळू लागते. काही गाड्यांत डिपस्टिक आपोआप वर उचलली जाते. मागचे सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पाइप बुजवून वाचवलेले सगळे पैसे त्या एका कामात जातात. बंद पाइप लक्षात न आल्यास नवे सीलही पुन्हा गळते.

‘जुन्या ट्रकांचा आणि जीपचा ब्रीदर उघडाच असायचा, मग त्या चालल्याच ना?’ असा प्रश्न येतो. त्या इंजिनांची रचना तशीच होती, त्यांचे ऑइल फार लवकर बदलले जाई आणि त्यांच्या धुराचा हिशेब कोणी मागत नव्हते. शर्यतीच्या गाड्यांचा दाखलाही उलटाच पडतो. तिथल्या अनेक इंजिनांत पंप लावून क्रँककेसमधून उलट अधिक ओढ घेतली जाते, कारण आतला दाब कमी असला की रिंग चांगल्या बसतात. पाइप तोडून ताकद वाढते, हा समजही टिकत नाही. ताकद हवी असते तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो आणि साध्या पेट्रोल इंजिनात त्या वेळी मॅनिफोल्डची ओढ जवळपास नसते. त्यामुळे पीसीव्हीच्या वाटेने वाफा येतातच थोड्या.

कायदाही स्पष्ट आहे. भारत स्टेज नियमांनुसार नव्या पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधून हवेत काहीही सुटता कामा नये. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था गाडीला मंजुरी देण्याआधी ही चाचणी घेतात. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमानुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही. पण रस्त्यावर हे पकडायला कोणी नाही. पीयूसी केंद्रात नळी सायलेन्सरमध्ये घालतात. ब्रीदर बॉनेटखाली उघडा असेल, तर त्या यंत्राला त्याचा पत्ताच लागत नाही आणि गाडीला स्वच्छतेचे प्रमाणपत्र मिळते. पीयूसीच्या वेळी बॉनेट उघडून ब्रीदर जोडलेला आहे का, एवढे नजरेने पाहण्याचा नियम करायला परिवहन खात्याला यंत्रही लागणार नाही.

तोवर जबाबदारी मालकाची आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवायला सांगा. साध्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हमध्ये खिट्टीचा खुळखुळ आवाज यायला हवा. पाइप कडक झाले, तडकले असतील तर बदला. गाडी आयडलवर असताना मिस्त्रीला ऑइल कॅप काढून तोंडावर जाड कागद धरायला सांगा. कागद हलकासा ओढला गेला तर ठीक. तो उडत असेल आणि धूर येत असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. तो घट्ट चिकटून शिट्टी वाजत असेल तर पडद्याच्या व्हॉल्व्हमधला पडदा फाटलेला असण्याची शक्यता आहे. ऑइल ठरल्या वेळी आणि ठरल्या ग्रेडचेच घाला.

आणि पुढच्या वेळी कोणी तेलाने माखलेला पाइप दाखवून ‘काढून टाकू का?’ असे विचारले, तर सरळ नाही म्हणा. तेल एवढे का येते ते शोधा, दोष असेल तो दुरुस्त करा आणि पाइप स्वच्छ करून होता तिथे पुन्हा लावून घ्या.