पिंपातला पंचम

तेलाचं रिकामं पिंप आपल्याकडे पाणी साठवायला नाहीतर रस्ता अडवायला उपयोगी पडतं. वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादच्या माणसांनी त्याच पिंपाच्या बुडात 28-29 सूर बसवले.

हे कसं होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. पिंप पालथं घालायचं आणि त्याचं बूड जड घणाने ठोकत ठोकत कढईसारखं खोल करायचं. मग त्या खोलगट पत्र्यावर प्रत्येक सुराची जागा आखायची, तिची कड ठोकून उठवायची, पिंप विस्तवावर धरायचं. शेवटी छोटी हातोडी घेऊन सूर लावत बसायचं, वरून एक ठोका, खालून एक ठोका. मोठ्या जागेतून खालचा सूर निघतो, बोटभर जागेतून तार सप्तकातला. कसबी माणूस तर एकाच जागेत मूळ सुराबरोबर त्याच्या वरच्या सप्तकातला सूरही मिळवून घेतो. तंबोऱ्याच्या एका तारेत आणखी सूर ऐकू येतात हे आपल्याला ठाऊक आहे. इथे ते घणाखालच्या पत्र्यात आणलेले असतात.

आणि मांडणी? पेटीसारखी ओळीने नाही. अँथनी विल्यम्स या त्रिनिदादच्या वादकाने रूढ केलेल्या रचनेत बारा सूर कडेने गोल बसतात, आणि ‘सा’च्या एका बाजूला ‘प’ असतो, दुसऱ्या बाजूला ‘म’. म्हणजे षड्ज-पंचम भावाचं अख्खं चक्र पिंपाच्या काठावर. रबर लावलेल्या दोन काड्यांनी ते वाजतं. याला म्हणतात स्टीलपॅन, किंवा नुसतं पॅन.

पण इतका खटाटोप मुळात करावा का लागला? साधा चामड्याचा ढोल नव्हता का?

होता. तो काढून घेतला गेला.

त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. उसाला आग लागली की शिंगं फुंकून, पलिते पेटवून त्यांना रातोरात तोडणीला हाकत नेत. 1838 साली गुलामी पुरती संपल्यावर त्याच माणसांनी त्या रात्रीचा उत्सव केला! पलिते, ढोल, काठ्या घेऊन मिरवणूक निघू लागली. तिचं नाव कॅनबुले, म्हणजे फ्रेंचमध्ये जळलेले ऊस. मालकाने दिलेला छळ सोंग म्हणून परत मालकालाच दाखवायचा, ही कल्पना मला आजही थक्क करते. इंग्रज सरकारला मात्र ती रुचली नाही. 1881 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला पोलिसप्रमुख कॅप्टन बेकर मिरवणूक मोडायला गेला, तेव्हा लोक काठ्या घेऊन उलटले. 1884 मध्ये कायदा आला आणि ढोल, पलिते, काठ्या यांच्यावर बंधनं पडली.

त्याच वर्षी सरकारने गुलामांच्या जागी मळ्यांवर आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकांनाही गावात यायला मनाई केली. सॅन फर्नांडोला लोक तरीही निघाले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हे मजूर आपला ताशा बरोबर घेऊन गेले होते. त्रिनिदादमध्ये त्याला आजही ‘तासा’च म्हणतात.

ढोल गेला तर लोकांनी बांबू उचलला. कमीजास्त लांबीचे, जाडीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. मग 1930 च्या दशकात बिस्किटांचे डबे आले, रंगाचे डबे आले, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणं आली. डबा ठोकून ठोकून खोलगट झाला की वेगळा सूर देतो, हे कुणाच्या तरी कानाने टिपलं. बेटावर तेल निघत होतं, पिंपांना तोटा नव्हता. पॅन वाजवणारी पोरं मात्र गुंडांतच गणली जात. 1951 मध्ये त्यांच्यातलेच निवडक वादक लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजवायला गेले. स्टर्लिंग बेटनकोर्ट त्यातले एक. ते तिथेच राहिले.

लंडन तेव्हा त्यांच्यासारख्यांना सुखाने राहू देत नव्हतं. 1958 च्या ऑगस्टअखेर नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी वेस्ट इंडियन लोकांच्या घरांवर हल्ले केले. क्लॉडिया जोन्स त्या वेळी ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे पत्र चालवत होत्या. जन्म त्रिनिदादचा, वाढल्या न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेने तुरुंगात टाकून 1955 मध्ये हद्दपार केलेल्या. अशा बाईने निषेधाचा मोर्चा काढला असता तर नवल नव्हतं. त्यांनी कार्निव्हल भरवला, त्रिनिदादमधल्या वाजतगाजत निघणाऱ्या मिरवणुकांचा उत्सव. तोही जानेवारीत! 30 जानेवारी 1959 ला, बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून सेंट पँक्रस टाउन हॉलच्या आत. बीबीसीने तो टीव्हीवर दाखवला. कार्यक्रमपत्रिका विकून आलेल्या पैशांतला काही भाग दंगलीत दंड झालेल्या तरुणांसाठी होता, काळ्या आणि गोऱ्या, दोन्ही. हा ‘दोन्ही’ मी पुन्हा पुन्हा वाचला.

चारच महिन्यांत, 17 मे रोजी, केल्सो कॉक्रेन या अँटिगाहून आलेल्या सुताराचा नॉटिंग हिलमध्ये खून झाला. त्याबद्दल कुणालाच शिक्षा झाली नाही. अंत्ययात्रेला हजारावर माणसं लोटली. क्लॉडिया स्वतः 1964 मध्ये गेल्या. हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या शेजारी आहेत.

रस्त्यावरचा कार्निव्हल त्यांनी पाहिला नाही. 1966 मध्ये समाजसेविका रॉन लॅसलेट यांनी नॉटिंग हिलमधल्या मुलांसाठी जत्रा भरवली. रसेल हेंडरसन आणि बेटनकोर्ट यांचा ताफा पॅन गळ्यात अडकवून वाजवता वाजवता जागेवरून उठला आणि चालू लागला. लोक मागे निघाले. आज ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आणि त्याच्या आदल्या दिवशी तिथे दहा लाखांहून जास्त माणसं उतरतात.

मिरवणुकीच्या वाटेपासून जवळच ग्रेनफेल टॉवर ही रहिवासी इमारत होती. 2017 मध्ये तिला आग लागून 72 माणसं गेली. पुढच्या वर्षीपासून कार्निव्हलमध्ये दुपारी तीन वाजता 72 सेकंद सगळं थांबतं. स्पीकर बंद, पॅनवरच्या काड्या वरच्या वर. एवढा मोठा जमाव, आणि त्याला गप्प करणारा कुठलाही हुकूम नाही. मग कुणीतरी पहिली काडी टेकवतं.