पंखा तीनशेचा, जोखीम जिवाची: एसएमपीएसचा घरघरणारा पंखा बदलण्याआधी



कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान टाकायचं म्हणताय? मग पहिल्या महिन्यातच एक गिऱ्हाईक हमखास येणार. "दादा, कॉम्प्युटर चालू केला की मागून घर्रर्र आवाज येतो, बघता का जरा?" आपल्या विश्रामबागेत अशा गिऱ्हाइकांना तोटा नाही. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजची पोरं आहेत, क्लासेस आहेत, झेरॉक्सवाले आहेत, थोडं पुढं गेलं की कुपवाड एमआयडीसी. मार्केट यार्डातल्या हळदीच्या दुकानात तर धुळीला काही कमीच नाही.

काम छोटं दिसतं. चार स्क्रू काढायचे, पंखा बदलायचा, पैसे घ्यायचे. पण हा पंखा ज्या डब्यात बसलाय, तो डबा अख्ख्या कॉम्प्युटरमधला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. म्हणून आज दोन गोष्टी समजून घेऊ. हे काम सुरक्षितपणे कसं होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कधी "नाही" म्हणायचं.

आत नेमकं काय असतं?

आपल्या घरात २३० व्होल्ट एसी करंट येतो. एसएमपीएस त्याचा आधी डीसी करतो आणि तो साधारण ३२५ व्होल्ट होतो. काही चांगल्या एसएमपीएसमध्ये तो ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत जातो. हा करंट मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो आणि तिथून पुढे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार होतात.

आता मुद्दा लक्षात घ्या. वायर सॉकेटमधून काढली म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं नाही. तो आपोआप रिकामा व्हावा म्हणून आत रेझिस्टर असतो, पण तोच जळालेला असेल तर? मग बंद डब्यातही जीवघेणा झटका तयार असतो. "मी तर प्लग काढला होता" हे वाक्य इथं कामाला येत नाही.

आवाज पंख्याचाच आहे का?

डबा उघडायच्या आधी कान लावा. प्रोसेसरचा पंखा, केबिनेटचा पंखा, ग्राफिक कार्डचा पंखा, कुणीही ओरडत असू शकतो. जाड कागदाची लांब नळी करा, एक टोक कानाशी धरा, दुसरं जाळीपासून थोडं लांब ठेवून फिरवा. आवाज कुठला ते कळेल. जाळीतून पेन किंवा स्क्रूड्रायव्हर आत घालून पंखा थांबवायचा प्रयत्न कधीही करू नका.

- टकटक आवाज: एखादी वायर पात्याला लागत असेल.
- सुरुवातीला घरघर, मग शांत: बेअरिंग सुकलंय.
- बारीक शिट्टीसारखा आवाज: बहुतेक वेळा तो कॉइलचा असतो. पंखा बदलून तो जाणार नाही.

नुसती धूळ असेल तर प्लग काढा, एसएमपीएस केबिनेटमधून बाहेर घ्या आणि बंद डब्यातच बाहेरून ब्लोअर मारा. पातं प्लॅस्टिकच्या काडीनं धरून ठेवा. हवेनं पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंग आणखी खराब होतं.

आणि तेलाचं काय? शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब काही आठवडे आवाज दाबतो, पण गिऱ्हाईक परत येतं. खोबरेल तर नकोच. थंडीत ते गोठतं, हे आपल्याला न्हाणीघरातल्या बाटलीनं शिकवलंय.

उघडण्याआधी तीन प्रश्न

१. वॉरंटी आहे का? चांगल्या कंपन्या ५ ते १० वर्षांची वॉरंटी देतात. सील तुटलं की ती गेली. वॉरंटीत असेल तर गिऱ्हाइकाला क्लेम करायला मदत करा आणि त्या मदतीचे पैसे घ्या.

२. डबा बाकी ठणठणीत आहे का? जळका वास, फुगलेले कपॅसिटर, गंज, अचानक बंद पडणं, यातलं काहीही असेल तर पंखा बदलू नका, एसएमपीएसच बदला. सांगलीत ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुराचं पाणी पाहिलेली मशिनं अजून भेटतात. ज्या एसएमपीएसच्या आत पाणी शिरलंय, तो दुरुस्त करायचा नाही.

३. हिशेब बसतो का? समजा पंखा ३०० रुपये, मजुरी ४००, एकूण ७००. लोकल एसएमपीएस ८०० ला नवा मिळत असेल तर १०० रुपयांसाठी जोखीम कशाला? पण ३,००० रुपयांचा चांगला एसएमपीएस असेल, वॉरंटी संपलेली असेल आणि फक्त पंखाच गेला असेल, तर गिऱ्हाइकाचे २,३०० वाचतात. आकडे तुमच्या बाजारातले घाला, पद्धत हीच ठेवा.

काम कसं होतं

हे काम हाय व्होल्टेजचं शिक्षण घेतलेल्या माणसाचंच आहे. तुम्ही शिकलेले नसाल तर हा भाग समजून घेण्यासाठी वाचा आणि काम जाणकाराकडं द्या.

१. एसएमपीएसचं बटण बंद, प्लग बाहेर, सगळ्या केबल सोडवलेल्या. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. दुकानात दुसरं माणूस असू द्या.

२. अर्थिंगचा मनगटी पट्टा इथं घालायचा नाही. तो तुम्हाला जमिनीशी जोडतो आणि झटका बसला तर धोका वाढवतो.

३. थोडा वेळ थांबून मगच झाकण काढा. बोर्डला हात न लावता मोठ्या कपॅसिटरवर डीसी मल्टीमीटर लावा. मीटर आणि त्याच्या वायरी ६०० व्होल्टच्या वरच्या रेटिंगच्या हव्यात. काम एका हातानं करा, दुसरा हात लांब ठेवा.

४. व्होल्टेज शिल्लक असेल तर इन्सुलेशन केलेल्या वायरी जोडलेला १० वॅटचा ४.७ किलो-ओहम रेझिस्टर लावून ते उतरवतात आणि पुन्हा मोजतात. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी पाडणं ही हुशारी नाही.

५. जुन्या पंख्याचा फोटो घ्या. साइज बघा: ८०, १२० की १४० मिलिमीटर? जाडी किती? (बऱ्याचदा २५ मिलिमीटर असते.) १२ व्होल्टच आहे ना? ॲम्पियर किती? जुना ०.३० ॲम्पियरचा असताना "शांत" म्हणून ०.१० चा बसवला, तर हवा कमी पडू शकते आणि आतले भाग तापून मरतात. बेअरिंग शक्यतो बॉल किंवा फ्लुइड प्रकारचं घ्या.

६. हवेची दिशा तीच ठेवा. पंख्याच्या कडेवर बऱ्याचदा बाण असतो. मागचा ८० चा पंखा सहसा हवा बाहेर फेकतो, मोठा १२० चा सहसा आत ओढतो.

७. कनेक्टर जुळला तर उत्तम. नाहीतर लाल-काळी वायर जुळवून सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक ट्यूब चढवा. नुसती पिळलेली वायर आणि चिकटपट्टी चालणार नाही. वायर पात्यापासून आणि हीटसिंकपासून लांब बांधा.

८. झाकण लावा, सगळे स्क्रू घट्ट करा, आणि मगच करंट द्या. उघड्या डब्याला करंट द्यायचा नाही, "फक्त एकदा बघू" म्हणूनही नाही.

मशीन हातात देण्याआधी

किमान अर्धा तास कॉम्प्युटर कामात ठेवा. पंखा थंड असताना सुरू होतो का ते बघा. काही महागड्या एसएमपीएसमध्ये कमी लोडवर तो मुद्दाम बंद असतो, त्याला बिघाड समजू नका. व्होल्टेज मोजा: १२ ची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये, ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. आकडे बिलावर लिहा. "गॅरंटी फक्त पंख्याची, एसएमपीएसची नाही" हेही लिहा आणि आधीच बोला. काढलेला निकामी एसएमपीएस भंगारात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडे द्या.

शेवटी धंद्याची गोष्ट. नवीन माणसाला वाटतं, आलेलं प्रत्येक काम घेतलं तरच दुकान चालतं. पण "ताई, हा उघडण्यात अर्थ नाही, नवा घ्या, याची कारणं ही" असं बिलासकट समजावून सांगणारा दुकानदार लोक लक्षात ठेवतात. आणि हो, ४०० रुपयांच्या मजुरीसाठी जीव लावायचा नसतो. दुकान उद्याही उघडायचंय!