घरी सोडले, म्हणजे जबाबदारी संपली काय?

करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर झाले. पण फुप्फुसांचे काय? विषाणूजन्य न्यूमोनिया करोनाने होतो, तसाच स्वाइन फ्लूनेही होतो. ऑक्सिजन सुटला की रुग्णाला घरी पाठवतात. डिस्चार्ज कार्डावर ‘फॉलो-अप’ हा एक शब्द असतो. कुठे आणि कोणाकडे, याचा बहुधा पत्ता नसतो.

ब्रिटनमधील छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मे २०२० मध्येच सांगितले होते, की अशा रुग्णाचा १२ आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढावा. आजार गंभीर असेल तर ४ ते ६ आठवड्यांतच त्याची तपासणी करावी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०७ करोनामुक्तांची फुप्फुसे तपासली, तेव्हा सुमारे ४४ टक्क्यांमध्ये प्राणवायू रक्तात पोहोचवण्याची क्षमता घटलेली आढळली. ही घट साध्या एक्स-रेत कळत नाही.

आमच्या वस्तीतला सफाई कामगार मात्र पंधराव्या दिवशी झाडू घेऊन रस्त्यावर असतो. घरी बसला तर हजेरी बुडते. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता आहे. पण ठेकेदाराने ज्याची विम्यात नोंदच केली नाही, त्याने भत्ता मागायचा कोणाकडे?

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही आंधळा विश्वास नको. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनानुसार, रक्तातला ऑक्सिजन कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. यंत्रालाही वर्ण कळतो तर! म्हणून आकडा चांगला दिसला तरी दम लागत असेल तर दवाखाना गाठावा.

प्रत्येक विहार समितीने एक वही घालावी, असे आम्ही सुचवतो. घरी सोडल्याची तारीख आणि १२ आठवडे कधी भरतात, एवढे लिहिले तरी पुरे. कार्यकर्त्याने सोबत राहून रुग्णाला सपाट जागी ६ मिनिटे चालवावे. ऑक्सिजन ३ टक्क्यांहून अधिक घसरला तर थांबवून डॉक्टरकडे न्यावे. जिना चढताना दम लागतो त्याला ‘आळशी झाला’ म्हणणारे घरातच असतात, त्यांनाही समजवावे लागेल. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करावी, क्षयरोग करोनाआधीही आपल्याच चाळीत होता. जुन्या एक्स-रेच्या फिल्म फेकू नयेत. नवा डाग कोणता आणि जुना व्रण कोणता, हे त्यावरूनच ठरते.

ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस छातीची स्वतंत्र ओपीडी हवी. त्यासाठीचे निवेदन तहसीलदाराला नव्हे, जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यावे आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.