शब्दाचा अर्थ कोण ठरवतो?

'लादिनो' हा शब्द आपल्याकडे फारसा कुणी ऐकलेला नसेल. त्याची कहाणी मात्र आपल्या चांगल्या ओळखीची आहे. १४९२ साली स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी जी स्पॅनिश बोली परमुलखात जपली, ती लादिनो. उत्तर इटलीच्या डोंगरात राहणारा एक छोटा समाज आपल्या भाषेला लादिन म्हणतो. ग्वाटेमालात आदिवासी नसलेला, स्पॅनिश बोलणारा माणूस म्हणजे लादिनो. आणि गुलामांच्या बाजारात? मालकाची भाषा शिकलेला आफ्रिकन गुलाम तोही लादिनोच! मूळ शब्द 'लॅटिन'. लॅटिन जाणणारा तो हुशार, हुशार तो धूर्त, असा अर्थ घसरत गेला. आजच्या स्पॅनिशमध्ये लादिनो म्हणजे लबाड.

हसू नका. आपली मराठी काय वेगळी आहे? फसवणाऱ्याला आपण सहज 'भामटा' म्हणतो. शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा हे एका जातीचे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या घरातल्या पोराने शाळेत जातीचा दाखला कोणत्या तोंडाने दाखवायचा?

'पारधी' म्हणजे पारध करणारा. हा धंद्याचा शब्द, त्यात शिवी कुठेच नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला आणि अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पारधही गुन्हा झाली. धंदा गेला, जमीन कधी नव्हतीच. उरला फक्त संशय. कर्जत, श्रीगोंद्याकडे कुठे चोरी झाली की नजर आधी पारध्यांच्या पालांकडे वळते.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि 'गुन्हेगार' जमाती यांना एकाच रांगेत उभे केले आणि हे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात आणले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमांतील जातवार कामे व विमुक्तांना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. बाबासाहेबांच्या त्या प्रस्तावनेनंतर शहात्तर वर्षांनी!

त्याच २०२४ मध्ये आपल्या अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. सरकारी कागदावर जिल्ह्याचे नाव बदलता येते. जिभेवरचा अर्थ सरकार बदलत नाही, तो आपल्यालाच बदलावा लागतो. 'भामटा' ही शिवी आपल्या घरात, आपल्या सभांत, आपल्या लेखणीतून आजपासून बंद झाली पाहिजे. जातीच्या नावाने दिलेली शिवी आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. ती दुसऱ्याला देण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?