खतावणीबाहेरची जमा

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागू झाली आणि शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठांत ऐन लग्नसराईचा माल दुकानांतच अडकला. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते ३१ ऑगस्टपर्यंत लांबणीवर टाकण्याची सवलत दिली; व्याजाची आकारणी मात्र सुरूच होती. उधारी थकली, नोकरांचे पगार द्यायचे होते.

अशा काळात व्यापारी कुटुंबांना तारले ते घराने आणि धर्माने. शहापूरच्या मानस मंदिरासह राज्यातील बहुतेक मंदिरे पर्युषणातही बंद होती. तेव्हा घरच उपाश्रय झाले. ४८ मिनिटांचे सामायिक आणि सायंकाळचे प्रतिक्रमण तिथेच होऊ लागले. परिग्रहाला मर्यादा घालणारे व्रत आजवर प्रवचनात ऐकलेले. आता ते स्वयंपाकघरात उतरले. घरातील स्त्रियांनी मागण्याआधीच दागिने पुढे केले, भावांनी आपली उचल कमी केली. यातील एकही रक्कम खतावणीत जमा झाली नाही.

१६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, मंदिरे उघडली. पुढे हप्तेही फिटले. घरच्यांचे ऋण मात्र बहुधा अनुच्चारितच राहिले. संवत्सरीला ज्यांना आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो, त्यांच्यापाशी त्याच वेळी ही कृतज्ञताही व्यक्त करावी.